क्रीडामैदानावरील बिनतारी ध्वनियोजना

शाळेचा वार्षिक क्रीडादिन जवळ आला म्हणजे फक्की, दोर, निशाणें, शिट्या, बक्षिसें इत्यादि सर्व साहित्याची यादी व्यायामशिक्षक मोठ्या काळजीनें करितात. परंतु त्या यादींत लाऊडस्पीकर हा शब्द बहुधा सर्वांत शेवटीं येतो, व त्यापुढें केवळ मांडववाल्याचें नांव लिहिलेलें असतें. मग त्या दिवशीं सकाळीं त्याचा माणूस दोन भोंगे, यंत्राची एक पेटी व एक माईक घेऊन येतो, जेथें खांब सांपडेल तेथें भोंगे बांधतो, चार वेळां 'हॅलो, हॅलो' म्हणतो, आणि व्यवस्था झाली असें सर्वांस वाटतें. दुपारीं मात्र मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यांत उभ्या असलेल्या मुलास आपलें नांव पुकारलेलें कळत नाहीं. तो पंचांपाशीं पोहोंचतो तोंवर त्याची शर्यत सुटलेली असते. वर्षभर पहांटे उठून सराव केलेल्या मुलाचें असें नुकसान व्हावें ही गोष्ट लहान नाहीं. आणि नवल हें कीं, त्या कोपऱ्यांत आवाज कमी असतो असें नाहीं. आवाज पुष्कळ असतो. शब्द तेवढे कळत नाहींत. हें असें कां होतें, व अलीकडे बेताच्या खर्चांत मिळूं लागलेल्या बिनतारी साधनांचा उपयोग करून शाळेस ही व्यवस्था स्वतः कशी लावतां येईल, हें येथें सांगावयाचें आहे.

मनुष्याच्या कंठाचें सामर्थ्य थोडक्या मंडळींतील संभाषणापुरतेंच आहे. उघड्या पटांगणांत शंभर पावलांपलीकडे वक्त्याचे शब्द विरूं लागतात. म्हणूनच पूर्वीं दवंडी पिटणारा चौकाचौकांत थांबून तेंच तें पुन्हा पुन्हा सांगत असे. विजेच्या साहाय्यानें आवाज वाढविण्याची युक्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाली. जेन्सन व प्रिडहॅम या दोघां यंत्रज्ञांनीं १९१५ सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशीं सॅन फ्रान्सिस्को येथील मोठ्या समुदायास आपल्या भोंग्यांतून भाषण व संगीत ऐकविलें. पुढें १९१९ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचें सॅन डिएगो येथील भाषण याच साधनानें हजारों श्रोत्यांपर्यंत पोहोंचलें. आपल्या नागपुरांत या साधनाचें मोल ज्या प्रसंगीं विशेष प्रत्ययास आलें तो प्रसंग १९५६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांतील होय. १४ तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं बौद्धधर्माची दीक्षा घेऊन ती आपल्या अनुयायांस दिली, व दुसऱ्या दिवशीं तेथेंच सविस्तर भाषण केलें. लाखो माणसांनीं एका वेळीं त्याच प्रतिज्ञा उच्चारावयाच्या होत्या. नुसत्या कंठाच्या बळावर ही गोष्ट घडणें शक्य नव्हतें.

तारेवांचून संदेश पाठविण्याची विद्या हिच्या कांहींशी आधींची. कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजांत फादर लाफों या जेझुइट शिक्षकांच्या हाताखालीं पदार्थविज्ञानाची गोडी लागलेल्या जगदीशचंद्र बसु यांनीं १८९५ सालीं त्याच शहरांत विद्युल्लहरींच्या योगें भिंतीपलीकडील घंटा वाजवून व दारू पेटवून दाखविली. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि या लहरी आपल्या घराघरांत आल्या. आज त्याच जातीच्या लहरी माईकच्या मुठींत बसविलेल्या बोटाएवढ्या यंत्रांतून निघतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'बिनतारी' हा शब्द ऐकून कित्येकांस असें वाटतें कीं, आवाज माईकपासून श्रोत्याच्या कानापर्यंत सर्वस्वीं तारेवांचून जातो. तसें नाहीं. बोलणाऱ्याच्या हातांतील प्रेषक व टेबलावरील ग्राहक या दोहोंमधील अंतर तेवढें विद्युल्लहरी तोडतात. ग्राहकापासून विवर्धकापर्यंत व तेथून भोंग्यापर्यंत पूर्वीप्रमाणेंच तार असते. आणि भोंग्यापासून कानापर्यंत हवेशिवाय दुसरा वाहक नाहीं. या तीनही टप्प्यांचे नियम निरनिराळे आहेत. बहुतेक ठिकाणीं शाळा पहिल्या टप्प्यावर पैसा खर्च करते, व घोटाळा मात्र तिसऱ्यांत असतो.

पहिला टप्पा प्रथम पाहूं. नागपूर केंद्र ज्या ५८५ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींवर ऐकूं येत आलें, त्या एका लहरीची लांबी ५१३ मीटरांच्या जवळपास भरते. म्हणजे आपल्या शाळेचें मैदान तिच्या एका हेलकाव्यांत पांच वेळां मावेल. एवढी लांब लहर घरें, झाडें, टेकड्या यांना वळसा घालून सहज पुढें जाते. बिनतारी माईकच्या लहरी याच्या अगदीं उलट. ६०० मेगाहर्ट्झच्या सुमारास काम करणाऱ्या माईकची लहर अर्ध्या मीटरची, आणि सध्यां स्वस्त मिळणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या माईकची तर अवघी साडेबारा सेंटिमीटरांची असते. या आंखूड लहरींना मनुष्याचा देह हाच मोठा अडसर आहे, कारण देहांत पाणी पुष्कळ आणि पाणी या लहरी शोषून घेतें. ग्राहकयंत्र टेबलावर ठेवून त्याभोंवतीं पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या कीं, माईकमधील शब्द मधून मधून गळूं लागतात व दोष बिचाऱ्या यंत्रास मिळतो. ग्राहकाची शलाका माणसांच्या डोक्यांहून उंच, म्हणजे अडीच-तीन मीटरांवर न्यावी व बोलणारा जेथें जेथें फिरणार असेल तेथून ती डोळ्यांस दिसावी, एवढें केलें तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

चांगल्या ग्राहकास दोन शलाका असतात त्या शोभेसाठीं नव्हेत. माईकमधून निघालेली लहर सरळ येते तशीच भिंतीवर, मोटारीच्या पत्र्यावर आपटूनही येते. या दोन लहरी कोठें एकमेकींस साहाय्य करितात, तर कोठें एकमेकींस खाऊन टाकतात. जेथें खाऊन टाकतात तेथें आवाज एकदम नाहींसा होतो, आणि माईक वीतभर सरकविला कीं परत येतो. दोन शलाकांपैकीं एक अशा मुक्या जागीं सांपडली तरी दुसरी बहुधा सांपडत नाहीं, व ग्राहक तिजवरून काम चालवितो. माईक विकत घेतांना हा गुण आहे कीं नाहीं तें अवश्य विचारावें.

आतां एक अडचण अशी आहे कीं, ती आदल्या दिवशींच्या चांचणींत दिसतच नाहीं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशांत परवान्याशिवाय वापरतां येतो. अर्थात् तो सर्वांचाच आहे. शाळेचें वाय-फाय तेथें, ब्लूटूथ तेथें, आणि पालकांच्या खिशांतील भ्रमणध्वनीही तेथेंच कांहींतरी शोधीत असतात. रिकाम्या मैदानावर दोन्ही टोकांस उत्तम चाललेला माईक हजार पालक जमल्यावर पन्नास पावलांवर अडखळूं लागतो. यास्तव या जातीचा माईक ग्राहकापासून वीस-तीस मीटरांच्या आंतच वापरावयाचा असें ठरवून टाकावें. जुने माईक घेणाऱ्यांनीं दुसरी एक सावधगिरी बाळगावी. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ सालच्या लिलावांत भ्रमणध्वनिसेवेकडे गेला आहे. त्या पट्ट्यांतील जुना माल कोणी स्वस्तांत देऊं लागल्यास तो घेऊं नये. शिवाय आपल्या नागपुरांत डिसेंबर-जानेवारी हे जसे क्रीडादिनांचे तसे लग्नांचेही दिवस. शेजारच्या लॉनवरील माईक आपल्याच लहरीवर असला तर मुलांच्या शर्यतींत मंगलाष्टकें ऐकूं येण्याचा प्रसंग यावयाचा! लहर बदलण्याची कळ असलेला माईक घ्यावा तो याचसाठीं.

असो. आतां तिसऱ्या टप्प्याकडे, म्हणजे हवेकडे वळूं. कारण खरें मर्म येथें आहे.

हवेंतून ध्वनि दर सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. थंडीच्या सकाळीं थोडा कमी, दुपारीं थोडा अधिक. प्रकाशाच्या मानानें ही चाल इतकी मंद आहे कीं, १०० मीटरांच्या शर्यतीच्या शेवटीं उभ्या असलेल्या वेळ-पंचास पिस्तुलाचा धूर दिसल्यावर जवळजवळ तीन दशांश सेकंदानें बार ऐकूं येतो. धूर पाहून घड्याळ सुरू करावें, बार ऐकून नव्हे, हा नियम त्यामुळेंच झाला. भोंग्यांच्या बाबतींत ही मंद चाल कशी नडते पहा. मैदानाच्या दोन टोकांस, ८० मीटरांच्या अंतरावर, समोरासमोर तोंडें करून दोन भोंगे बांधले आहेत अशी कल्पना करा. एका भोंग्याजवळ उभ्या असलेल्या मनुष्यास जवळचा शब्द ताबडतोब ऐकूं येतो, आणि तोच शब्द पलीकडच्या भोंग्यांतून सुमारें पाव सेकंदानें येऊन थडकतो. तेवढ्यांत बोलणारा पुढील शब्दावर गेलेला असतो. एका शब्दाच्या अंगावर दुसरा पडतो, आणि 'दोनशे मीटर' आहे कीं 'चारशे मीटर' हें कोणासही सांगतां येत नाहीं. अशा वेळीं लोक 'आवाज वाढवा' म्हणून ओरडतात. यंत्रवाला तो वाढवितो. गोंधळ मात्र त्याच प्रमाणांत वाढतो.

आपल्या कानाचा एक चमत्कारिक स्वभाव जर्मनीतील हेल्मुट हास यानें १९४९ सालीं पद्धतशीर प्रयोगांनीं दाखवून दिला. तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतरानें आला तर कान ते दोन्ही एकच मानतो, आणि जो प्रथम आला त्याच्याच दिशेनें आवाज आला असें समजतो. ही सवलत बोलण्याच्या बाबतींत सुमारें एक-विसांश सेकंदापर्यंतच मिळते. त्याहून उशीर झाला कीं प्रतिध्वनि वेगळा कळूं लागतो. एक-विसांश सेकंद म्हणजे हवेंतील सतरा मीटर. हा आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. श्रोत्याच्या एका भोंग्यापासूनच्या व दुसऱ्या भोंग्यापासूनच्या अंतरांत सतरा मीटरांहून अधिक फरक पडतो अशा जागीं दोहोंचा जोर सारखा असतां कामा नये. शाळेच्या इमारतीच्या उंच भिंतीकडे भोंग्याचें तोंड केलें तरी भिंतीवरून परतणारा आवाज हाच त्रास देतो.

यावर सोपा उपाय हा कीं, लहान मैदानावर सर्व भोंगे एकाच जागीं, एकाच उंच खांबावर बांधून त्यांचीं तोंडें पंख्यासारखीं बाहेर वळवावीं. मग कोणत्याही श्रोत्यास आवाज एकाच ठिकाणाहून येतो. एवढ्यानें पुरेल कीं नाहीं याचा हिशेब अवघड नाहीं. उघड्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबलांनीं उतरतो. चांगल्या भोंग्यास ३० वॉट शक्ति दिली तर एक मीटरावर सुमारें १२० डेसिबल आवाज मिळतो. तो ६४ मीटरांवर ८४ च्या आसपास उरेल. ओरडणाऱ्या मुलांचा गलका ७५ ते ८० धरला तर तेथपर्यंत शब्द कळतील. १२८ मीटरांवर कळणार नाहींत. म्हणून मोठ्या मैदानास दुसरी जागा लागतेच. ती समोरासमोर न करितां पहिल्या भोंग्यांच्याच दिशेस तोंड करून, अर्ध्या वाटेवर करावी, आणि तिचा आवाज मुद्दाम उशिरा सोडावा. दोन जागांत ६० मीटर अंतर असेल तर पहिला आवाज तेथें पोहोंचावयास १७४ मिलिसेकंद लागतात. त्यांत दहा-पंधरा मिलिसेकंद अधिक घालून दुसऱ्या भोंग्यास तेवढा विलंब लावला म्हणजे दोन्ही आवाज कानांत एक होतात. हा विलंब लावण्याचें यंत्र पूर्वीं फार महाग असे. आतां तें कित्येक साध्या मिश्रकांतही असतें.

बिनतारी साधनाचा खरा उपयोग, माझ्या मतें, या दुसऱ्या जागीं आहे. तेथें विजेऱ्यांवर चालणारी पेटी ठेवून तिला मुख्य यंत्रापासून लहरींनीं आवाज पोहोंचविला म्हणजे धावपट्ट्यांवरून तार नेण्याचें कारण उरत नाहीं. धांवणाऱ्या मुलाच्या पायांत तार अडकणें, किंवा दंवानें ओल्या गवतावरून उघड्या जोडाची विजेची तार जाणें, हे दोन्ही धोके टळतात, आणि हा लाभ हातांतील माईकच्या ऐटीपेक्षां कितीतरी मोठा आहे. मात्र या कामीं ब्लूटूथ वापरूं नये. त्यांत आवाजाची घडी घालून तो पाठविण्यांत व उलगडण्यांत दीड-दोनशें मिलिसेकंद किंवा अधिकही जातात, आणि तो उशीर आपल्या हातांत नसतो. ध्वनिकार्यासाठीं मुद्दाम केलेल्या प्रेषकांत हा उशीर बहुधा थोड्या मिलिसेकंदांचाच असतो.

भोंगे उंच कां बांधावयाचे यासही नागपूरच्या हवेंत विशेष कारण आहे. थंडीच्या पहांटे जमिनीलगतची हवा गार व वरची किंचित् उबदार असते. अशा वेळीं ध्वनि खालीं वळतो व दूरची आगगाडीची शिटी जवळ वाजल्यासारखी वाटते. दुपारीं उन्हानें जमीन तापली कीं याच्या उलट होऊन ध्वनि वर वळतो आणि लोकांच्या डोक्यांवरून निघून जातो. शिवाय पुढें बसलेल्यांचीं अंगें मागच्यांचा आवाज अडवितात. म्हणून भोंगा साडेतीन-चार मीटरांवर बांधून त्याचें तोंड किंचित् खालीं, सर्वांत दूरच्या श्रोत्याकडे रोखावें. कस्तुरचंद पार्कवर प्रजासत्ताकदिनाच्या संचलनास जे विद्यार्थी जातात त्यांनीं खांबांवरील भोंग्यांच्या दिशा एकदां नीट न्याहाळून पहाव्यात.

माईक धरणाऱ्यासही दोन शब्द सांगितले पाहिजेत. माईक ओठांपासून वीस सेंटिमीटरांवर होता तो पांचांवर आणला तर आवाज बारा डेसिबलांनीं वाढतो. यंत्राची कळ पिळण्यापेक्षां हा उपाय फुकट व निर्धोक आहे. भोंग्याचा आवाज पुन्हा माईकमध्यें शिरून, पुन्हा वाढून, पुन्हा शिरला म्हणजे ती कान फोडणारी किंकाळी उठते. पूर्वीं माईकची तारच बोलणाऱ्यास जागेवर बांधून ठेवीत असे. आतां तो मोकळा झाला आहे, आणि बक्षीस मिळविणाऱ्या मुलाची मुलाखत घेण्याच्या भरांत नेमका भोंग्यासमोर जाऊन उभा राहतो! जेथें माईक न्यावयाचा नाहीं ती जागा फक्कीनें आंखून ठेवावी.

शर्यत सोडण्याच्या कामांत तर ध्वनिव्यवस्थेचा थेट न्यायाशीं संबंध येतो. वळणावरून एक पूर्ण फेरी आपापल्या धावपट्टींतच धांवावयाची असतां सहा धावपट्ट्यांत पहिल्या व सहाव्या धांवपटूंच्या आरंभरेषांत सुमारें ३७ मीटरांचें अंतर पडतें. इशारा देणारा शिक्षक पहिल्या धावपट्टीजवळ उभा राहिला तर सहाव्या मुलास इशारा दहा-अकरा शतांश सेकंद उशिरा ऐकूं येतो. तेवढ्यांत चांगला धांवणारा मुलगा पाऊण मीटर पुढें जातो. कित्येक बक्षिसें याहून कमी अंतरानें ठरतात. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धांवपटूच्या मागें लहान ध्वनिक्षेपक ठेवितात तो याचसाठीं. शाळेस तेवढें जमणार नाहीं. परंतु इशारा देणाऱ्यानें वळणाच्या आंतील बाजूस, सर्व मुलांपासून शक्य तितक्या सारख्या अंतरावर उभें रहावें; आणि त्याच्या सदऱ्यास अडकविलेल्या लहान बिनतारी माईकचा आवाज बाहेरच्या धावपट्ट्यांमागील एका पेटींतून सोडावा. ती पेटी घोषणांच्या भोंग्यांपासून स्वतंत्र असावी, कारण भोंग्यांस आपण मघाशीं विलंब लावला आहे.

विजेबद्दल थोडेंच. विवर्धक बारा व्होल्टांच्या विजेरीवरही चालणारा असावा, म्हणजे वीज गेली तरी हरवलेल्या बालकाची किंवा प्रथमोपचाराची घोषणा थांबत नाहीं. बिनतारी माईकचे घट सकाळीं भरलेले व दुपारचे जोडीस ठेवलेले असावेत. संपत आलेला घट आधीं पल्ला कमी करितो, मग आवाज तोडतो. त्यामुळें दोष लहरींचा वाटतो.

कायदाही पाळला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें लाऊडस्पीकर लावण्यास लेखी परवानगी लागते, व रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत तो उघड्यावर लावतां येत नाहीं. रुग्णालयें, शाळा, न्यायालयें यांच्या भोंवतालचें शंभर मीटरांचें क्षेत्र सरकार शांतताक्षेत्र म्हणून जाहीर करूं शकतें; आपली शाळा तशा क्षेत्रांत येते कीं काय हें अगोदर पहावें. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज भोंवतालच्या ठरीव मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकीं जें कमी असेल त्याच्या वर जातां कामा नये. एका मोठ्या भोंग्याऐवजीं दोन लहान भोंगे आंतल्या बाजूस तोंड करून लावले तर ही मर्यादा पाळणें पुष्कळ सोपें जातें, व शेजारच्या आजाऱ्यासही झोंप मिळते.

मैदानावर सर्व मांडणी झाल्यावर शेवटची परीक्षा यंत्राजवळ उभें राहून होत नाहीं. आठवी-नववीच्या चार मुलांस चार कोपऱ्यांत एकेक निशाण देऊन पाठवावें. माईकवरून एका मागून एक दहा नांवें, मुद्दाम एकमेकांसारखीं, वाचावीं, आणि मुलांनीं तीं कागदावर लिहावीं. ज्याचीं दहाही बरोबर आलीं त्यानें निशाण उभारावें. नंतर पालक बसल्यावर, ऊन चढल्यावर, हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आणि चारही निशाणें वर दिसेपर्यंत पहिली शर्यत सोडूं नये.